वाळूसर जमिनीतली मोहरी आणि पालाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात मोहरी हे मुख्य पीक म्हणून थोडेच शेतकरी घेतात. कुणी गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या रानात चार ओळी टाकतो, कुणी कोबीच्या पट्ट्यात चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी सापळा पीक म्हणून लावतो. पण पाणी कमी पडलं की रब्बीत दुसरं काय घ्यावं, हा प्रश्न दौंड, शिरूर, इंदापूर भागात दरवर्षी निघतो आणि मोहरीचं नाव पुढे येतं. भीमा, घोड, मुळा-मुठा, नीरा या नद्यांच्या काठची वाळूसर रानं आणि माळावरच्या मुरमाड हलक्या जमिनी यांच्यातल्या मोहरीला पालाश (पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत) द्यावा का, किती आणि कसा, याबद्दल जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे आहेत. हिशोब एकरी धरला आहे.

आपल्याकडच्या जमिनीत पालाश भरपूर असतो म्हणतात. मग मोहरीला वेगळा कशाला द्यायचा?

हे वाक्य काळ्या, चिकण जमिनीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. वाळूसर आणि मुरमाड रानाला तेच लागू करणं मात्र चुकीचं आहे, आणि माझ्या मते हलक्या जमिनीतल्या मोहरीचं सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं.

आपली माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, त्या बेसाल्टात पालाश मुळात कमीच असतो. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट असतो. तरीही काळ्या जमिनीच्या माती परीक्षण अहवालात पालाशाचा आकडा मोठा दिसतो, कारण तिच्यातले चिकणमातीचे कण आलेला पालाश धरून ठेवतात. त्याच पाषाणाची मुरमाड जमीन किंवा नदीने आणून टाकलेली वाळूसर माती घेतली, तर तिच्यात हे कणच फार थोडे असतात. पालाश धरून ठेवण्याची तिची ताकद भारी काळ्या मातीच्या दशांशाच्या आसपास उतरू शकते. खत दिलं तरी ते मुळांपाशी फार दिवस टिकत नाही. मोकाट पाणी सुटलं की खाली उतरतं. म्हणजे एकाच गटात वरच्या अंगाला काळी आणि खाली नदीकडे वाळूसर माती असेल, तर दोन्हींचा सल्ला वेगळा असायला हवा.

राजस्थान-हरियाणातल्या रेताड जमिनीचे आकडे वाचून ते जसेच्या तसे वापरण्यातही अडचण आहे. मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात पहिलं आणि मोहरीची राष्ट्रीय संशोधन संस्थाही तिथेच भरतपूरला आहे, त्यामुळे बरीच माहिती तिकडून येते. पण तिकडच्या वाळूत अभ्रकाच्या जातीची खनिजं असतात आणि ती हळूहळू पालाश सोडत राहतात. आपल्या बेसाल्टी वाळूकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही.

माझं रान वाळूसर आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

मूठभर माती ओली करून गोळा वळा. गोळाच होत नसेल किंवा झालेला गोळा बोटाने दाबताच ढासळत असेल, तर माती वाळूसर. गोळा झाला पण त्याची लांब सुरळी ओढता येत नसेल, तर वाळूमिश्रित पोयटा. काळ्या मातीची सुरळी सहज निघते. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वाफसा (मशागतीजोगी ओल) येतो का, हेही पाहा. मुरमाड जमिनीत खडे वेचून मगच गोळा करा.

मोहरीच्या झाडात पालाश नेमकं काय काम करतो?

नत्र (नायट्रोजन) किंवा गंधक (सल्फर) जसे झाडाच्या अंगाचा भाग बनतात, तसा पालाश बनत नाही. तो पेशीरसात विरघळलेला राहतो आणि तिथून कामं करवून घेतो. पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडणं-मिटणं त्याच्यावर अवलंबून असतं, म्हणून कमी पाण्याच्या पिकात त्याला मोल आहे. पानात तयार झालेली साखर शेंगेपर्यंत पोचवायला तो लागतो. दाणा भरणं आणि त्यात तेल साठणं हे त्याच वाहतुकीवर चालतं. खोड ताठ राहतं, शेंगांच्या वजनाने झाड लोळत नाही.

उत्तरेत मोहरीला थंडीच्या कडाक्यापासून वाचवण्यासाठी पालाश सांगतात. पुण्याकडे दव आणि गारवा असला, तरी पीक जाळणारी थंडी क्वचितच पडते. आपल्याकडे पालाश द्यायचं मुख्य कारण पाण्याचा ताण आणि दाण्याचं वजन हे आहे.

एकरी किती पालाश द्यावा?

मोहरीच्या शिफारशींत पालाश साधारण हेक्टरी २० ते ४० किलो असतो. वाळूसर, बागायती रानाला मी ४० किलोची बाजू धरेन, म्हणजे एकरी १६ किलो. माती परीक्षणात पालाश कमी आला तर चतुर्थांश वाढवावा, जास्त आला तर चतुर्थांश कमी करावा. कोरडवाहू मोहरीला याच्या निम्म्याने सुरुवात करावी. पाणीच नसेल तर दिलेलं खत मुळांपर्यंत पोचत नाही.

हा आकडा कुठून येतो ते समजून घेतलं तर रानाप्रमाणे बदल करता येतो. एक टन दाणे देणारं मोहरीचं पीक दाणा, खोड, पाला सगळं मिळून जमिनीतून सुमारे ४० किलो पालाश उचलतं. एकरी ६ क्विंटल दाणा धरला तर सुमारे २५ किलो. यातला फक्त छोटा वाटा दाण्याबरोबर बाजारात जातो, बाकीचा खोडात आणि भुसकटात राहतो. भुसकट रानातच राहणार असेल तर १६ किलो पुरतात. दरवर्षी सगळं उचलून नेत असाल, तर जमीन हळूहळू उपाशी पडते आणि शिफारशीचा आकडा अपुरा ठरतो.

आधीचं पीकही पाहायला हवं. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागात खरीप बटाट्याला भरपूर पालाश दिलेला असतो. त्यामागून मोहरी घेतली तर मात्रा कमी करायला वाव आहे. ऊस मोडून मोहरी घेत असाल तर उलट. ऊस पालाश फार ओढतो.

१६ किलो पालाश म्हणजे गोणीत किती?

म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतो, म्हणजे एकरी सुमारे २७ किलो खत, अर्ध्या गोणीपेक्षा थोडं जास्त. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये ५० टक्के असतो, त्यामुळे ते ३२ किलो लागेल. गुंठ्यावर मोजायचं असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश गुंठ्याला साधारण पाऊण किलोच्या आत बसतं.

म्युरेट, सल्फेट, मिश्रखत की मळीपासूनचा पोटॅश? कोणतं घ्यावं?

जमीन खारवट नसेल आणि खिसा बघायचा असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश. पालाशाचा किलोमागे खर्च त्यात सगळ्यात कमी पडतो. लाल आणि पांढरं यांच्या पालाशात फरक नाही. लाल रंग खनिजातल्या लोहाचा असतो.

मोहरीला गंधकाची भूक मोठी आहे. तेलाला आणि तिच्या तिखट झणक्याला, दोन्हींना गंधक लागतो. वाळूसर जमिनीत सेंद्रिय पदार्थ कमी, म्हणून गंधकही कमी. अशा ठिकाणी सल्फेट ऑफ पोटॅश उपयोगी पडतं, कारण त्यात १७.५ टक्के गंधक असतो. ३२ किलोत साडेपाच किलो गंधक येतो. पण ते महाग आहे. तोच हेतू स्वस्तात साधायचा तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या जोडीला सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. एकरी दोन गोण्या, म्हणजे १०० किलो सुपर फॉस्फेटमधून १६ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ११ किलो गंधक मिळतो. वाळूसर रानातल्या मोहरीसाठी मला ही जोडी सगळ्यात पटते: १०० किलो सुपर फॉस्फेट, २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि नत्रासाठी युरिया.

इंदापूर-बारामतीच्या कालव्याखालची किंवा खारट विहिरीच्या पाण्यावरची रानं याला अपवाद. म्युरेटमध्ये क्लोराइड असतं आणि त्याने मुळांभोवतीचा खारेपणा वाढतो. अहवालात क्षारता जास्त असेल तर तिथे सल्फेटवर खर्च करणं योग्य ठरतं.

१०:२६:२६ हे मिश्रखत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के) वापरायला सोपं आहे. एका गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. त्यात गंधक मात्र येत नाही, म्हणून तो वेगळा द्यावा लागतो. शिवाय सगळा पालाश एकाच वेळी पडतो आणि वाळूसर जमिनीत आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

साखर कारखान्यांच्या आसवनीतलं (मळीपासून मद्यार्क काढतात तिथलं) सांडपाणी जाळून उरलेल्या राखेपासून केलेला दाणेदार पोटॅशही आता मिळतो. त्यात १४.५ टक्के पालाश धरतात, म्हणजे १६ किलोसाठी सुमारे ११० किलो खत टाकावं लागेल. देशात पालाशाचं खत जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्या दृष्टीने ही चांगली सोय आहे. वाहतूक आणि मजुरी धरून किलोभर पालाश कितीला पडतो, तेवढं बघून ठरवा.

सगळा पालाश पेरणीलाच द्यावा का?

भारी आणि मध्यम जमिनीत हो. वाळूसर जमिनीत नाही.

इथे निम्मा पेरणीच्या वेळी आणि निम्मा पहिल्या पाण्याच्या सुमाराला, म्हणजे ३० ते ३५ दिवसांनी, युरियाच्या हप्त्याबरोबर द्यावा. त्या वेळी झाड फांद्या फोडत असतं आणि फुलोऱ्याकडे निघालेलं असतं. पालाशाची उचल याच काळात झपाट्याने होते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरलं असेल, तर हा हप्ता नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. शेंगा भरायला लागल्यावर जमिनीतून दिलेल्या पालाशाचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा हप्ता कसा देता, यावर बरंच अवलंबून आहे. खत ओळीच्या बाजूने टाकून खुरप्याने किंवा कोळप्याने मातीत मिसळा आणि मग हलकं पाणी द्या. खत फेकून लगेच पाटाने वाफे तुडुंब भरले, तर त्यातला बराच भाग मुळांच्या खाली जाईल. तुषार संच असेल तर वाळूसर रानात तोच चालवावा. ठिबक असेल तर काम आणखी सोपं: ०:०:५० हे विद्राव्य खत पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून शेंगा लागेपर्यंत दर आठवड्याला थोडं थोडं सोडा.

कोरडवाहूत दुसऱ्या हप्त्याला ओल मिळण्याची खात्री नसते. तिथे सगळा पालाश पेरणीलाच, बियाण्याच्या खालच्या थरात पेरून द्यावा.

बियाणं आणि पोटॅश एकत्र मिसळून पाभरीने पेरलं तर?

करू नका. मोहरीचा दाणा बारीक, कोंब नाजूक. वाळूसर मातीत ओल कमी असते, त्यामुळे खताचा क्षार दाण्याभोवती साठतो आणि उगवण मार खाते. म्युरेटचा क्षारपणा सल्फेटच्या दुपटीहून जास्त आहे. दोन चाड्यांची पाभर (बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारं पेरणीचं अवजार) वापरून खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला साधारण ५ सेंटिमीटरवर पडेल असं पाहा. तशी सोय नसेल तर खत आधी रानात टाकून कुळवाची पाळी द्या, मग पेरा. बियाणं एकरी दोन किलोच्या आसपास लागतं; एकसारखं पडावं म्हणून त्यात बारीक कोरडी वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळतात, ते ठीक आहे.

कमतरता पानावर कशी दिसते?

खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते. आधी टोक आणि कडा पिवळी पडते, मग ती तपकिरी होऊन करपते. मधला भाग बराच काळ हिरवा राहतो. पालाश झाडात हलता असल्यामुळे झाड तो जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं. दुपारी शेजारच्या झाडांआधी ही झाडं माना टाकतात. खोड बारीक, शेंगा आखूड, दाणा पोचट.

घोटाळा तिघांशी होतो. नत्र कमी असेल तर जुनं पान कडेपासून नाही, सगळंच फिकट होतं. गंधक कमी असेल तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडून वाटीसारखी वळतात, कधी त्यांना जांभळी झाक येते. तिसरा प्रकार खाऱ्या पाण्याचा: त्यानेही कडा करपतात आणि पाहताक्षणी ते पालाशाच्या कमतरतेसारखं दिसतं. त्यावर म्युरेट टाकलं तर दुखणं वाढतं. म्हणून विहिरीच्या पाण्याची क्षारता एकदा तपासून घ्या.

पानावर लक्षण दिसलं म्हणजे पिकाने बराच काळ उपासमार सोसलेली असते. लक्षण दिसेपर्यंत थांबणं हा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

१३:०:४५ ची फवारणी केली तर जमिनीतून दिलं नाही तरी चालेल?

नाही, आणि साधा हिशोब हे सांगतो. एक टक्क्याचं द्रावण म्हणजे लिटरला १० ग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर २ किलो खत लागतं आणि त्यातून जेमतेम ९०० ग्रॅम पालाश मिळतो. पिकाची गरज २५ किलोची. पाण्याचा ताण बसला असेल, किंवा दुसरा हप्ता चुकला असेल, तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि शेंगा लागताना अशा दोन फवारण्यांनी पीक सावरायला मदत होते. तेवढंच त्यांचं काम.

फुलोऱ्यात कोणतीही फवारणी दुपारी चारनंतर करा. मोहरीच्या पिवळ्या रानात मधमाश्या दिवसभर असतात आणि शेंगा चांगल्या लागण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मधमाशीपालन शिकायचं असेल तर पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मोहरीच्या शेतकऱ्याने तिथे एक चक्कर जरूर मारावी.

माती परीक्षण कधी आणि कसं करायचं?

खरिपाचं पीक निघाल्यावर, खत पडण्याआधी. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या कडेची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांध, झाडाची सावली, उकिरडा आणि पाटाची कड टाळा. नमुना खताच्या रिकाम्या गोणीत किंवा पिशवीत कधीही भरू नका. चिकटलेल्या खताने पालाशाचा आकडा फुगतो. वाळूसर पट्ट्याचा नमुना वेगळा, काळ्या रानाचा वेगळा.

अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, पालाश आणि गंधक एवढं नक्की मागा. उपलब्ध पालाश हेक्टरी साधारण ११० किलोच्या खाली असेल तर कमी आणि २८० च्या वर असेल तर जास्त, असा सर्वसाधारण निकष आहे. प्रयोगशाळा स्वतःची वर्गवारी छापते, तीही पाहा. आकडा ऑक्साइड रूपात आहे की मूलद्रव्याच्या, हे विचारून घ्या. मूलद्रव्याच्या आकड्याला १.२ ने गुणलं की ऑक्साइडचा आकडा मिळतो.

आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यावर भागेल का?

माती तपासून शेतकऱ्याला पत्रिका देण्याची ही सरकारी योजना २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली. तिच्यात बागायती भागात अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना अशी जाळी धरली गेली. त्यामुळे पत्रिकेवरचा आकडा शेजाऱ्याच्या काळ्या रानाचाही असू शकतो. नदीकाठच्या तुकड्यासाठी स्वतःचा नमुना द्या.

शेणखत, राख किंवा पालाश विरघळवणारे जिवाणू वापरून रासायनिक पोटॅश टाळता येईल का?

शेणखताला वाळूसर जमिनीत मी पहिला मान देतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का पालाश असतो. एकरी दोन टनांतून १० किलो मिळतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे त्यातला सेंद्रिय पदार्थ पालाश आणि ओल दोन्ही धरून ठेवतो, जे काम वाळूला जमत नाही. पाच टन घालता येत असेल तर रासायनिक पालाश निम्म्यावर आणायला हरकत नाही.

चुलीच्या लाकडाच्या राखेत पालाश असतो, पण ती अल्कधर्मी असते. चुनखडीच्या आणि आठच्या वर सामू असलेल्या रानात ती टाकू नये. जिवाणू खत खनिजात अडकलेला पालाश मोकळा करतं; ज्या मातीत तसं खनिजच कमी, तिथे त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. बीजप्रक्रियेत वापरा, पण हप्ता चुकवू नका.

पोटॅश दिला की मावा येत नाही, हे खरं का?

मावा येतोच. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा झाली की येतो. पण पालाश कमी आणि युरिया भरपूर अशा झाडाच्या रसात साखर व अमिनो आम्लं साठून राहतात, आणि रस शोषणाऱ्या किडीला ते फावतं. संतुलित पोषणाने प्रादुर्भाव कमी राहतो; लक्ष मात्र ठेवावंच लागतं.

जास्त पडला तर काही बिघडतं?

झाड गरजेपेक्षा जास्त पालाश उचलून ठेवतं, उत्पादन वाढत नाही. मॅग्नेशियमची उचल मात्र कमी होते आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो.

पुण्यात गच्चीवर कुंडीत मोहरीची भाजी लावली आहे. तिला पोटॅश द्यावा का?

कोकोपीट असेल तर त्यात स्वतःचाच पालाश बऱ्यापैकी असतो. नुसत्या वाळू-मातीच्या कुंडीत मूठभर गांडूळखत पंधरा दिवसांनी पुरतं.

खर्च वसूल झाला की नाही, हे कसं कळणार?

रानातच मधोमध एक गुंठ्याचा पट्टा पालाशाशिवाय ठेवा. बाकी नत्र, सुपर फॉस्फेट, पाणी सगळं सारखं. काढणीला तो गुंठा आणि शेजारचा एक गुंठा वेगवेगळा कापा, वेगळा झोडपा, वाळवा आणि वजन करा. हजार दाण्यांचं वजनही घ्या. पालाशाचा फरक तिथे बऱ्याचदा उघड दिसतो. तुमच्या रानाचा हा आकडा कोणत्याही छापील शिफारशीपेक्षा भरवशाचा. दोन हंगाम करा, कारण एका वर्षाची थंडी आणि पाणी सारखं नसतं.

काढणीनंतरच्या भुसकटाचं काय करावं?

जाळू नका. पालाश राखेत उरतो हे खरं, पण ढीग पेटवला की तो सगळा एका जागी साठतो आणि पहिल्या वळवाबरोबर वाळूतून खाली जातो. नत्र आणि बराचसा गंधक धुरात जातो. मोहरीचं खोड कडक असतं, लवकर कुजत नाही. त्याचे तुकडे करून शेणाच्या काल्यासोबत खड्ड्यात भरा, वरून ओल ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेला खड्डा अधूनमधून पालथा केला तर पावसाळ्याच्या तोंडाशी खत वापरण्याजोगं होतं. ते पुन्हा त्याच वाळूसर तुकड्यात टाका.